हातची लाकडी भेट

वास्तुशांत असो, बारसे असो की भाऊबीज असो. भेट काय द्यायची हा प्रश्न आपल्या घरात दर दोन महिन्यांनी उभा राहतो. बाजारात वस्तूंना तोटा नाही. पण आपण दिलेला भिंतीवरच्या घड्याळाचा खोका न उघडताच पुढच्या लग्नात फिरतो, हेही आपल्याला ठाऊक असते. अशा वेळी स्वतःच्या हाताने केलेली लाकडाची एखादी साधी वस्तू दिली, तर ती सहसा पुढे सरकवली जात नाही. ती त्या घरातच राहते आणि रोज वापरली जाते. मात्र त्यासाठी एक अट आहे. ती वस्तू टिकली पाहिजे.

हौसेने केलेल्या लाकडी वस्तूंचे खरे दुखणे हेच आहे. देताना वस्तू देखणी असते. वर्षभरात फळी वाकते, चकती तडकते, सांधा सुटतो, बैलाचा पाय मोडतो. आणि घेणारा संकोची असला तर आपल्याला ते कळतही नाही. वस्तू मुकाट्याने माळ्यावर जाते. यात बहुतेक वेळा हाताचा दोष नसतो. लाकडाचा स्वभाव लक्षात न घेता काम केलेले असते, एवढेच. तो स्वभाव एकदा समजून घेतला की थोड्याशा हत्यारांत, गॅलरीच्या कोपऱ्यातसुद्धा, वीस-वीस वर्षे टिकेल अशी भेट करता येते.

हा स्वभाव आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. पावसाळ्यात घराचे जुने लाकडी दार चौकटीत घट्ट बसते आणि उन्हाळ्यात पुन्हा सैल होते. पण नीट आठवून पाहा, दार अडते ते बहुतेक कडीच्या बाजूला, म्हणजे रुंदीत. उंचीत ते फुगून वर अडकले, असे फारसे होत नाही. याचे कारण लाकडाच्या रचनेत आहे. लाकूड म्हणजे उभ्या, अतिशय बारीक नळ्यांची घट्ट बांधलेली मोळी. ओल्या काटक्यांची मोळी सुकली की सैल पडते, पण काटक्यांची लांबी तेवढीच राहते. लाकडाचेही तसेच आहे. ओलाव्याने ते रेषांना आडवे फुगते आणि आकसते. रेषांच्या दिशेने जवळजवळ बदलतच नाही.

झाड तोडले की आधी नळ्यांच्या पोकळीतले पाणी जाते. तेव्हा लाकूड हलके होते, पण आकार बदलत नाही. ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली गेला की नळ्यांच्या भिंतींमधले पाणी जाऊ लागते आणि तिथून आकसणे सुरू होते. पुढे लाकूड कितीही जुने झाले तरी भोवतालच्या हवेशी त्याची देवाणघेवाण चालूच असते. पॉलिशने ती मंदावते, थांबत नाही. मुंबई-कोकणातल्या पावसाळी हवेत उघड्यावरच्या लाकडात ओलावा १५ ते १८ टक्क्यांपर्यंत चढतो. विदर्भातल्या मे महिन्यात तो पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरतो. म्हणजे जुलैत चिपळूणला केलेली एक फूट रुंदीची सागाची फळी पुढच्या मे महिन्यात नागपूरला पोचली, तर रुंदीत पाच मिलिमीटरच्या आसपास कमी भरू शकते. साग तर कमी हलणारे लाकूड म्हणून नावाजलेले आहे! अमेरिकेत हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरांतली हवाही अशीच कोरडी असते. तेव्हा भेट कुठे जाणार आहे, याचा विचार करवत हातात घेण्याआधीच करायचा.

आणखी एक गोष्ट. झाडाच्या बुंध्यात वर्षा-वर्षाची वर्तुळे असतात. त्या वर्तुळांच्या दिशेने लाकूड जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते केंद्राकडे आकसते. यातूनच एका लोकप्रिय भेटीचा घोटाळा होतो. फांदीच्या गोल चकत्या कापून चहाच्या कपाखाली ठेवायच्या बशा करतात. दिसायला छान दिसतात. पण चकती सुकताना तिचा घेर जास्त आकसू पाहतो, त्रिज्या तेवढी आकसत नाही. शेवटी ताण सहन न होऊन चकती कडेपासून मध्यापर्यंत उकलते. आपल्या गावच्या सुताराला हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. म्हणून बैलगाडीचे चाक त्याने ओंडक्याच्या चकतीचे केले नाही. आरे वेगळे, घेराचे तुकडे वेगळे, प्रत्येकात रेषा लांबीच्या दिशेने, आणि वरून लोखंडी धाव तापवून चढवलेली.

आता लाकूड आणायचे कुठून? नवे लाकूड वखारीत मिळते आणि वखारीच्या कोपऱ्यात पडलेले तुकडे आपल्या कामाला पुरतात. पण सगळ्यात चांगला माल जुना. मोडीत निघालेला पलंग, जुन्या वाड्याच्या खिडकीची चौकट, तुटका पाट. हे लाकूड वर्षानुवर्षे सुकून स्थिरावलेले असते. त्यातले खिळे मात्र एकूणएक काढावेत, नाहीतर रंध्याचे पाते गेलेच. आणि त्यावर जुना तैलरंग असेल तर तो घासून उडवू नये. पूर्वीच्या रंगांत शिसे भरपूर असे. त्याची धूळ लहान मुलांना विशेष घातक. असे लाकूड भेटवस्तूसाठी घेऊच नये.

यंत्रांच्या पेट्या आणि माल ठेवायचे फळ्यांचे तळ, ज्यांना पॅलेट म्हणतात, त्यांचे पाइनचे लाकूडही आता सहज मिळते. परदेशी व्यापारात वापरलेल्या अशा लाकडावर गव्हाच्या लोंबीचे चित्र असलेला शिक्का असतो. त्यात 'एचटी' ही अक्षरे असतील तर ते लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेले आहे. 'एमबी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे; ते घरात आणू नये. आणि 'एचटी' असले तरी त्या पेटीत पूर्वी काय सांडले होते हे आपल्याला कळत नाही. म्हणून स्वयंपाकाच्या किंवा तान्ह्या मुलाच्या वस्तूला ते नको. फोटोची चौकट, पुस्तकांचा टेकू यांना चालेल.

लाकूड पुरेसे सुकले आहे का, हे ओळखायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. तुकडा पंख्याच्या वाऱ्याला, सावलीत, सगळ्या बाजूंनी हवा लागेल असा ठेवावा. दर आठवड्याला वजन करून पेन्सिलीने त्यावरच लिहावे. लागोपाठ दोन-तीन आठवडे वजन तेच आले, की लाकूड तुमच्या घरच्या हवेशी जुळले असे समजावे. उन्हात ठेवून घाई केली तर टोके आधी सुकतात आणि चिरतात.

हत्यारे थोडी आणि धारदार असावीत. बारीक दातांची करवत, लहान रंधा, अर्ध्या इंचाची पटाशी, काटकोन पाहायला गुण्या, एक कानस, हाताने फिरवायचे किंवा विजेचे ड्रिल, दोन शिकंजे आणि वळणदार कापायला धनुष्यासारख्या चौकटीत बारीक पाते ताणलेली करवत. बोथट पटाशी धारदार पटाशीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण तिला जोर लावावा लागतो आणि ती निसटते. तुकडा नेहमी शिकंज्यात धरावा आणि दुसरा हात पात्याच्या मागे ठेवावा. घासताना तोंडाला चांगला मास्क हवा. लाकडाच्या धुळीचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५मध्ये कर्करोगकारक पदार्थांत केला आहे. आठवड्यातून तासभर काम करणाऱ्याने घाबरून जायचे कारण नाही. पण घरात लहान मूल असेल तर घासकाम गॅलरीत करावे आणि धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

पहिली भेट भाजी चिरायच्या फळीची करू. बारा इंच लांब, आठ इंच रुंद, पाऊण ते एक इंच जाड असा साग, आंबा किंवा बाभळीचा एकसंध तुकडा घ्यावा. रेषा लांबीच्या दिशेने असाव्यात. गुण्याने आखून कापावे. रंधा मारताना रेषा ज्या दिशेला वर चढत जातात त्या दिशेने मारावा; उलट मारला तर लाकूड उचकटते. मग पॉलिश पेपर ८० नंबरचा, त्यानंतर १२० आणि शेवटी २२० नंबरचा, नेहमी रेषांच्या दिशेने. आता एक युक्ती. फळी ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावी. तंतू उभे राहून ती पुन्हा खरखरीत लागेल. तेव्हा २२० नंबरच्या कागदाने हलकेच घासावे. हे आपण केले नाही, तर पहिल्याच दिवशी धुतल्यावर फळी गृहिणीच्या हाताला खरखरीत लागते. कडा-कोपरे गोल करावेत आणि टांगायला एक भोक पाडावे.

या फळीच्या टोकांना शोभेसाठी आडव्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकायचा मोह होतो. तो टाळावा. फळी रुंदीत आकसते, आडवी ठोकलेली पट्टी लांबीत आकसत नाही, आणि खिळे फळीला हलू देत नाहीत. मग फळीच फाटते. पोळपाटासारख्या रुंद वस्तूला वाकू नये म्हणून खालून पट्ट्या द्यायच्याच असतील तर स्क्रूने द्याव्यात. मधला स्क्रू घट्ट. पट्टीच्या टोकांकडची भोके मात्र किंचित लांबट, म्हणजे फळीला सरकायला वाव राहतो. पोळपाट करणार असाल तर खाली तीनच पाय द्या. तीन पायांची वस्तू कुठल्याही ओट्यावर डुगडुगत नाही. चौथा पाय आला की तासत बसावे लागते. आणि आपला गोल पोळपाट काही वर्षांनी किंचित लांबट झाला तर वाईट वाटून घेऊ नये. तो रेषांना आडवा आकसला, एवढेच.

दुसरी भेट वडीलधाऱ्यांसाठी. नातवंडांशी व्हिडिओवर बोलताना आजी-आजोबांचा हात भरून येतो आणि मोबाइल सारखा खाली येतो. त्यांच्यासाठी लाकडी टेकू करावा. चार इंच लांब, तीन इंच रुंद, दीड इंच जाड ठोकळा. पुढच्या कडेपासून एक इंच मागे, रेषांना आडवी अशी खाच आखावी, सरळ उभी नव्हे तर वीस अंश मागे कललेली. खाचेची रुंदी अंदाजाने घेऊ नये. त्यांचा फोन कव्हरसकट किती जाड आहे ते मोजून त्यात एक मिलिमीटर वाढवावा. खोली पंधरा मिलिमीटर. दोन्ही रेघांवर करवतीने काप घ्यायचे आणि मधले लाकूड पटाशीने थोडे-थोडे, दोन्ही बाजूंनी मध्याकडे येत काढायचे. एका बाजूने आरपार गेलात तर पलीकडची कड उडते. चार्जरची वायर जायला खालून भोक ठेवले तर आणखी सोय. दोन सुट्ट्यांचे हे काम आहे आणि त्यात सांधा एकही नाही, म्हणजे सुटायचा प्रश्नच नाही.

तिसरी भेट लहान मुलांसाठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा असतो. मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवतात, मिरवतात आणि घरोघर जाऊन बोजारा मागतात. असा बैल घरी करता येतो. पाइन किंवा शिवणीची एक इंच जाड फळी घ्यावी. ही लाकडे हलकी आणि कापायला सोपी. कागदावर बैल काढून तो फळीवर चिकटवावा. इथे पुन्हा रेषांचा प्रश्न येतो. बैल आडवा म्हणून फळीच्या रेषाही आडव्या ठेवल्या, तर पायांमध्ये रेषा तोकड्या पडतात आणि पहिल्याच आपटण्यात पाय कटकन मोडतो. म्हणून रेषा उभ्या, पायांच्या दिशेने याव्यात. नियम साधा आहे: वस्तूचा जो भाग सर्वांत बारीक, त्याच्या लांबीच्या दिशेने रेषा. शिंगे आखूड आणि जाड ठेवावीत, वशिंड मोठे. चारही पाय एका फळीच्या गाड्यावर बसवावेत. चाके फांदीची चकती कापून नव्हे, फळीतूनच गोल कापून काढावीत. त्याचे कारण मघाशी पाहिलेच.

खेळण्याला आणखी काही पथ्ये आहेत. तीन वर्षांखालील मूल वस्तू तोंडात घालणार हे धरूनच चालावे. सव्वा इंच व्यासाच्या नळीत मावेल एवढा कोणताही भाग सुटता कामा नये. चाके, आस सगळे ओढून, पिळून, दोन-चार वेळा जमिनीवर टाकून पाहावे; मोडायचे तर आपल्या हातात मोडू दे. ओढायची दोरी आखूड असावी आणि तिला फास होईल अशी कडी किंवा गाठ नसावी. खिळे नकोतच. लाकडी खुंटी आणि पांढरा गोंद पुरेसा होतो. हा गोंद जाडजूड थापून उपयोग नाही. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना नीट भिडले पाहिजेत, पातळ थर लागला पाहिजे आणि रात्रभर शिकंजा राहिला पाहिजे. तुकड्याच्या आडव्या कापलेल्या टोकावर, जिथे नळ्यांची तोंडे उघडी असतात, गोंद शोषला जातो. तिथे नुसत्या गोंदावर भरवसा न ठेवता खुंटी द्यावीच.

रंगांच्या बाबतीत आपल्याकडच्या जुन्या कारागिरांकडे पाहावे. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळे आपण पाहिलेली असतात. शेजारच्या कर्नाटकात चन्नपट्टणला काळ्या कुड्याच्या पांढऱ्या, गुळगुळीत लाकडाची खेळणी चरकावर करतात. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते. मग केवड्याच्या जातीच्या पानाने तिला चकाकी आणतात. घरी चरक नसतो. तेव्हा रंग विकत घ्यावा लागतो. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम भारतात नोव्हेंबर २०१७पासून लागू आहे. डब्यावर तसा उल्लेख पाहूनच घ्यावा. माळ्यावरचा जुना अर्धा डबा संपवायला खेळणे ही जागा नव्हे. खरे तर डोळे, घुंगरू आणि झूल एवढेच रंगवून बाकीचे लाकूड उघडे ठेवले तरी बैल शोभतो.

शेवटचा हात तेलाचा. स्वयंपाकघरातले शेंगदाण्याचे किंवा तिळाचे तेल इथे चालत नाही. ती तेले सुकत नाहीत. चिकट राहतात आणि काही दिवसांनी खवट वास येतो. जवसाचे तेल मात्र हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि लाकडात मुरते. खाण्याच्या वस्तूंना कच्चे, शुद्ध जवसाचे तेल वापरावे. रंगाच्या दुकानातल्या 'उकळलेल्या' तेलात लवकर सुकण्यासाठी धातूंची संयुगे घातलेली असतात. पातळ हात द्यावा, वीस मिनिटांनी उरलेले सगळे पुसून काढावे आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा. असे तीन हात. पुढे दोन-तीन आठवडे वस्तू मोकळ्या हवेत ठेवावी. म्हणजे भाऊबीजेची फळी दसऱ्याच्या आधीच तयार हवी. दोन्ही अंगांना आणि कडांना तेल सारखेच द्यावे. वरच्या बाजूला दोन हात आणि खालून कोरडे, असे केले की एक बाजू ओलावा लवकर घेते आणि फळी पन्हाळीसारखी वाकते.

या तेलाचा एक धोका प्रत्येकाला माहीत असायलाच हवा. जवसाचे तेल सुकताना उष्णता बाहेर टाकते. तेल पुसलेले फडके बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकले तर ती उष्णता आत साठते आणि कुणी काडी न लावताही फडके पेटू शकते. अशा आगी प्रत्यक्षात लागलेल्या आहेत. म्हणून काम संपताच फडके पाण्यात बुडवून ठेवावे, किंवा उघड्यावर एकपदरी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवावे. हे काम सकाळवर ढकलू नये.

भेट परगावी किंवा परदेशी जाणार असेल तर थोडा आणखी विचार. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये लाकडी वस्तू विमानतळावर जाहीर कराव्या लागतात. साल राहिलेली किंवा कीड लागलेली वस्तू ते आत जाऊ देत नाहीत. शिसवीचे लाकूड २०१७पासून आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आहे, म्हणून परदेशी पाठवायला साग किंवा आंबा बरा. आणि कोरड्या हवेत जाणारी वस्तू शक्यतो पावसाळ्यात करू नये; फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी.

वस्तूबरोबर एक चिठ्ठी अवश्य द्यावी. लाकूड कोणते, तेल कोणते, फळी पाण्यात भिजत ठेवू नये, धुतल्यावर उभी करून वाळवावी आणि सहा महिन्यांनी तेलाचा एक हात द्यावा, एवढे चार ओळींत लिहावे. दुकानातल्या वस्तूबरोबर हमीपत्र येते. आपल्या वस्तूची हमी आपणच. कधी फळी वाकली किंवा चाक सैल झाले, तर घेणाऱ्याने संकोच न करता आपल्याकडे आणून द्यावी, असेही त्या चिठ्ठीत लिहायला हरकत नाही. हाताने केलेल्या वस्तूचा मोठा गुण हाच, की ती ज्याने केली त्याला दुरुस्तही करता येते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)